एका पगारात गृहकर्ज लवकर फेडायचं तर

आमच्या घरात कमावणारे हे एकटे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूमला आहेत. मी घर बघते, सासूबाईंचं आणि मुलीचं बघते, आणि पैशांची वही माझ्याकडे असते. २०१७ साली पाथर्डी फाट्याला टू बीएचके घेतला. कर्ज २० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता १७,३५६ रुपये. तेव्हा हातात पडणारा पगार होता ४१ हजार. २०२५ च्या दिवाळीआधी ते कर्ज संपलं. तेव्हापासून सोसायटीतल्या मैत्रिणी आणि यांच्या खात्यातली मंडळी विचारत असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. दोन पगारांच्या घराला क्रम थोडा मागेपुढे झालेला चालतो. एका पगारात तो चुकला की अंगाशी येतं, म्हणून क्रमानेच सांगते.

आधी हाताशी रोकड

कर्ज डोक्यावर असलं की वाटतं, आला पैसा की टाक कर्जात. तसं करू नका. कर्जात भरलेला जादा पैसा बँक परत देत नाही. हवा असेल तर टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्जाचा अर्ज करा म्हणते, आणि त्या अर्जासोबत शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागते. नोकरी गेलेल्या माणसाने त्या आणायच्या कुठून?

म्हणून पहिलं काम म्हणजे सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं. त्यात हप्ता, किराणा, शाळेची फी, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल एवढंच धरा. कपडे, हॉटेल, प्रवास नको. आमची ती रक्कम सुरुवातीला दोन लाखांच्या आसपास येत होती. ती जमेपर्यंत आम्ही कर्जात एक रुपयाही जादा भरला नाही. हे पैसे एका मोठ्या एफडीत ठेवू नका. २५-२५ हजारांच्या वेगवेगळ्या एफडी करा, म्हणजे तीस हजारांची गरज पडली तर दोनच मोडतात, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये याची किंमत कळली. यांचा पगार काही महिने निम्मा आला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलायची सवलत द्यायला परवानगी दिली होती, पण त्या काळातलं व्याज मात्र सुरूच होतं. २० लाखांच्या कर्जावर महिन्याचं व्याजच चौदा हजार. ते मुद्दलात मिळत गेलं की पुढची कितीतरी वर्षं ते फेडत बसायचं. आम्ही तीन एफडी मोडल्या आणि हप्ते चालू ठेवले.

दुसरं काम विम्याचं. घरात एकच पगार असेल तर त्या माणसाचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, हवाच. रक्कम निदान कर्जाएवढी अधिक घरखर्चाची काही वर्षं. कर्ज घेताना बँकवाले एकरकमी हप्त्याची एक पॉलिसी पुढे करतात आणि तिची रक्कम कर्जातच मिळवतात, म्हणजे त्या प्रीमियमवरही २० वर्षं व्याज. ती घेतली नाही तर कर्ज मिळणार नाही असं कोणी म्हणालं तर लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. आणि कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबू नका; नोकरी सुटली की तोही सुटतो.

मग बारकी कर्जं

गृहकर्ज हे घरातलं सगळ्यात मोठं कर्ज असलं तरी बहुधा सगळ्यात स्वस्तही तेच असतं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही वर जातं, म्हणजे वर्षाचे बेचाळीस आणि पुढे. पर्सनल लोन, पतसंस्थेचं कर्ज, फ्रिजचा हप्ता, गाडीचा हप्ता हे सगळं गृहकर्जाहून महाग. एका कागदावर सगळी कर्जं दरासकट उतरवा आणि ज्याचा दर जास्त ते आधी मोडा. पर्सनल लोन आणि गाडीचं कर्ज सहसा पक्क्या दराचं असतं, त्याला मुदतीआधी फेडल्याचा दंड लागू शकतो. मंजुरीपत्रात बघा आणि दंड धरूनही फायदा होतोय का ते मोजा.

या नियमाला मी एकच अपवाद करते, नातेवाइकांच्या हातउसन्या पैशांचा. बुकिंगच्या वेळी नणंदेने दीड लाख दिले होते. व्याज शून्य, मुदत नाही, कागद नाही. हिशोबाने पाहिलं तर ते सगळ्यात शेवटी द्यायला हवेत. हे म्हणालेही, "अगं, ताई कुठे मागतेय?" मी म्हटलं, "अहो, मागत नाही म्हणूनच आधी द्यायचे." तिच्या मुलाच्या ॲडमिशनला ते तिला लागले आणि आमच्याकडून परत गेलेले होते. बिनव्याजी पैशाचं व्याज नात्यातून वसूल होतं, आणि ते कुठल्याही कॅल्क्युलेटरवर दिसत नाही.

परतफेडीचं वेळापत्रक वाचा

बँकेकडून किंवा नेट बँकिंगवरून परतफेडीचं वेळापत्रक काढा. आमच्या पहिल्या १७,३५६ च्या हप्त्यात व्याज होतं १४,१६७ आणि मुद्दल ३,१८९. वर्षभरात आम्ही दोन लाख आठ हजार भरले आणि कर्ज उतरलं चाळीस हजारांनी. हे पाहून पुष्कळ जण बँकेला शिव्या देतात. पण यात लबाडी काही नाही. २० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज तेवढंच होतं. मुद्दल उतरलं की व्याज आपोआप उतरतं, म्हणून जे काही जादा भराल ते सुरुवातीच्या वर्षांत भरा.

किती फरक पडतो? याच कर्जात पहिलं वर्ष संपल्यावर एक लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत सव्वीस महिन्यांनी कमी होते आणि साडेतीन लाखांच्या वर व्याज वाचतं. तेच एक लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले, तर साडेआठ महिने कमी होतात आणि व्याज वाचतं पन्नास हजारांच्या आत. दर दोन्हीकडे तोच. फक्त पहिल्या लाखाला काम करायला एकोणीस वर्षं मिळाली, दुसऱ्याला पाच.

जादा पैसा आणायचा कुठून

इथे काटकसरीचे उपदेश सुरू होतात. चहा सोडा, सिनेमा सोडा. एका पगाराच्या घरात सोडण्यासारखं फार काही नसतंच. मेमध्ये वर्षाचे गहू भरून ठेवणं, तूरडाळ थेट गावाकडून आणणं, हे आम्ही करतोच. पण त्यातून वर्षाला चार-पाच हजार सुटतात, कर्ज फिटत नाही. कर्ज फिटतं ते पगार वाढतो तेव्हाच्या वागण्यावर.

आमचा नियम असा: दर वर्षी पगार वाढला की वाढीतला निम्मा भाग कर्जाकडे. उरलेला निम्मा घराला, कारण महागाई वाढते आणि माणसांनाही काहीतरी वाढल्यासारखं वाटायला हवं. हप्ता दर वर्षी नुसता पाच टक्क्यांनी वाढवत नेला, म्हणजे १७,३५६ चा पुढच्या वर्षी १८,२२४, मग १९,१३५, तर २० वर्षांचं कर्ज सव्वाबारा वर्षांत संपतं. एवढं जमत नसेल तर वर्षाला एक जादा हप्ता भरा. दिवाळीचा बोनस त्याच्या कामी येतो. त्यानेही सव्वातीन वर्षं कमी होतात आणि चार लाखांच्या आसपास व्याज वाचतं.

कारखान्यातल्या लोकांना आणखी एक संधी असते. युनियन आणि मॅनेजमेंटचा पगारवाढीचा करार लांबतो, मग झाला की मागच्या महिन्यांचा फरक एकदम हातात येतो. तो आला की घरात गाडीची, टीव्हीची, गावाकडच्या घराच्या पत्र्यांची चर्चा सुरू होते. आमच्याकडे ठरलेलं होतं: फरकातले दहा टक्के मौजेचे, बाकीचे आठवड्याच्या आत कर्जात. आठवड्याच्या आत हे महत्त्वाचं. बचत खात्यात पडून राहिलेल्या पैशाला घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात खर्च करून मोकळा होतो.

भिशीबद्दल विचारतात. मी मंडळाच्या भिशीत आहे, माझा नंबर लागला की ती रक्कम कर्जात जायची. पण ओळखीतली, लहान भिशी असेल तरच. वीस अनोळखी माणसांच्या भिशीत पैसे अडकवून कर्ज लवकर फेडायला निघू नये.

बँकेत गेल्यावर

फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराच्या, माणसाच्या स्वतःच्या नावावरच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. अंशतः भरा किंवा पूर्ण भरा. तेव्हा कोणी चार्जेस सांगितले तर तुमचं कर्ज पक्क्या दराचं आहे की फ्लोटिंग, एवढंच आधी विचारा.

मी पहिल्यांदा साठ हजारांचा चेक घेऊन गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, हप्ता कमी करून देऊ ना?"

"नको. हप्ता तोच राहू दे, मुदत कमी करा."

"सगळे हप्ताच कमी करून घेतात."

"घेऊ देत. तुम्ही अर्जावर मुदत लिहा."

एका लाखाचंच उदाहरण पुन्हा घेऊ. पहिल्या वर्षानंतर एक लाख भरून हप्ता कमी करून घेतला तर हप्ता उतरतो ८८५ रुपयांनी, आणि पूर्ण मुदतीत व्याज वाचतं एक लाखाच्या आसपास. मुदत कमी केली तर साडेतीन लाख. हे ८८५ रुपये महिन्याच्या भाजीत कुठे जातात ते कळतसुद्धा नाही.

तरीही एका पगाराच्या घरासाठी दुसरी बाजू सांगायला हवी. हप्ता कमी करून घेतला आणि सुटलेले पैसे दर महिन्याला स्वतःहून कर्जात भरत राहिलात, तर कर्ज तेवढ्याच वेळात संपतं. वर अडचणीच्या महिन्यात बंधनकारक रक्कम लहान असते. हिशोबाने हीच पद्धत जास्त सुरक्षित. फक्त ती दर महिन्याला पाळायला फार चिवट माणूस लागतो. नोकरीची खात्री नसेल, कंत्राटी काम असेल, तर हीच पद्धत निवडा आणि जादा रकमेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (खात्यातून रक्कम आपोआप वळती करायची सूचना) पगाराच्या दुसऱ्या दिवसाची लावून टाका. बाकीच्यांनी मुदत कमी करावी.

पैसे भरताना तीन गोष्टी बघा. एक, अर्जात "मुद्दलात अंशतः परतफेड" असं स्पष्ट लिहा, नाहीतर काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ जमा म्हणून पडून राहते आणि मुद्दल जागचं हलत नाही. दोन, कमीत कमी किती रक्कम चालते ते विचारा. तीन, आठवड्याभराने नवं वेळापत्रक काढून शिल्लक मुद्दल आणि उरलेले हप्ते तपासा. मी प्रत्येक वेळचं वेळापत्रक वहीत चिकटवत गेले. हे रात्री जेवण झाल्यावर तेवढं एकच पान उघडून बघायचे.

दराकडे लक्ष ठेवा

आमचं कर्ज एमसीएलआरचं होतं, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दराचं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) बाहेरच्या दराला जोडावी लागतात. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला. नव्या लोकांना सात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळू लागलं आणि आमचा दर रमतगमत उतरत होता. शाखेत जाऊन, फी भरून, आम्ही कर्ज रेपोवर आणलं. हप्ता मात्र जुनाच ठेवला. त्या दोन वर्षांत मुद्दल सगळ्यात जास्त उतरलं.

मग मे २०२२ पासून दर चढू लागले आणि फेब्रुवारी २०२३ ला रेपो साडेसहा झाला. २०२१ मध्ये ज्यांनी सात टक्क्यांनी २० लाख घेतले त्यांचा हप्ता होता १५,५०६. दर साडेनऊ झाल्यावर २० लाखांवरचं महिन्याचं व्याजच होतं १५,८३३. म्हणजे हप्ता जेमतेम व्याजापुरता उरला. अशा वेळी बँका गुपचूप मुदत लांबवत होत्या, आणि निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहतील अशी वेळापत्रकं तयार झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्या, आणि दर तिमाहीला किती मुद्दल-व्याज भरलं, किती हप्ते उरले, दर किती, याचं विवरण द्या. हे विवरण ॲपवर येऊन पडतं. उघडून फक्त उरलेल्या हप्त्यांचा आकडा बघा; तो मागच्या वेळेपेक्षा वाढला असेल तर त्याच आठवड्यात शाखेत जा.

२०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. तुमचा दर तेवढा उतरला का? उतरला असेल तर हप्ता कमी करून घेऊ नका. उतरला नसेल, किंवा तुमच्याच बँकेत नव्या ग्राहकाला तुमच्याहून अर्धा टक्का कमी दर असेल, तर आधी तिथेच दर कमी करून मागा. त्याची फी काही हजारांत असते. नाही म्हणाले तरच दुसऱ्या बँकेत कर्ज नेण्याचा विचार करा, कारण तिथे प्रोसेसिंग, वकील, मुद्रांक शुल्क असा नव्याने खर्च येतो आणि मुदत थोडी उरली असेल तर तो निघत नाही. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर रेपोचा नियम तिला लागू नाही, तेव्हा तिथे जास्तच जागं राहावं लागतं.

"कर वाचतो, कर्ज राहू दे"

हा सल्ला यांच्या खात्यात दर मार्चला मिळायचा. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, खरं आहे. पण वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने बँकेला एक लाख व्याज दिलं तर कर वाचतो २०,८०० रुपये. उरलेले ७९,२०० गेलेच की. आणि नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट नाहीच. २०२५-२६ पासून तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावटीमुळे पावणेतेरा लाखांपर्यंत. आमच्यासारख्यांना करासाठी कर्ज ठेवण्याचं कारणच उरलेलं नाही.

भविष्य निर्वाह निधी मोडून कर्ज फेडू का, असंही विचारतात. त्यावर सव्वाआठ टक्के मिळत होते, म्हणजे जवळजवळ कर्जाच्या दराएवढेच. एकट्याच्या कमाईवरच्या घरात म्हातारपणाचा तेवढाच आधार असतो. त्याला हात लावू नका. मुलीच्या सुकन्या खात्याचंही तेच. एसआयपीचं, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीचं, ज्याने त्याने ठरवावं. आम्ही लहानशी चालू ठेवली. खात्रीने वाचणारे साडेआठ टक्के आणि कदाचित मिळणारे बारा टक्के यांत मला पहिले बरे वाटले.

शेवटचा हप्ता भरल्यावर

इथे लोक पेढे वाटून मोकळे होतात आणि कागद बँकेतच राहतात. पूर्ण फेड करण्याआधी त्या तारखेचं फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज मिटवायला एकूण किती भरायचे त्याचा कागद, घ्या, रोजच्या व्याजामुळे रक्कम बदलते. पैसे भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट आणि मूळ कागद: नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), बिल्डरच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. कर्ज घेताना बँकेने कागदांची जी यादी दिली होती ती समोर ठेवून एकेक पान मोजा. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि उशीर बँकेकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई असते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. शाखेत हे शांतपणे म्हणून दाखवलं की फाइल लवकर सापडते.

सह्या करून दिलेले कोरे चेक परत घ्या. खात्यावरचा हप्त्याचा नॅच मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द करा. सोसायटीला पत्र देऊन बँकेचा बोजा त्यांच्या दप्तरातून काढायला लावा. रो हाउस किंवा प्लॉट असेल तर सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचा बोजा चढलेला असतो. तो उतरवण्यासाठी बँकेचं पत्र जोडून तलाठी कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बघावा. सेरसाय या तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला बोजा बँकेने काढायचा असतो, काढला का ते विचारा.

महिना-दीड महिन्याने सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, अहवाल काढा. वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कर्ज बंद दिसत नसेल तर त्यांच्याच साइटवर तक्रार करा आणि नो ड्यूज जोडा. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, म्हणून तक्रार केल्याची तारीख लिहून ठेवा.